कोंबड्याचा डोळा

किळस आमच्या घरात कुणालाच नव्हती. सगळ्यांच्या वाट्याची ती मला एकटीला मिळाली होती. माण तालुक्यातल्या धनगराची मी पोर, लेंड्यांत रांगलेली, घोंगड्याच्या वासात झोपलेली. पण भाकरीत केस निघाला की माझं जेवण तिथंच संपायचं, आणि शेजारी बसून कुणी चहा भुरकला तरी मला उमासे यायचे. वडील मुंबईला बाजारात हमालीला होते. बारावीनंतर त्यांनी मला सांगली जिल्ह्यात, इस्लामपूरच्या अलीकडच्या एका बाजाराच्या गावात आत्याकडे ठेवलं, तिथून कॉलेज जवळ पडायचं म्हणून. आत्यानं पहिल्याच दिवशी माझं नाव ‘सोवळीबाई’ ठेवलं. “लेंड्या येचत वाढलीस आन् आता नाकाला पदर लावतीस व्हय गं?” असं म्हणून ती मुद्दाम माझ्यासमोर खुराड्यात हात घालायची, घाणीनं माखलेलं अंडं काढायची, पदराला पुसायची आणि तसंच उकळत्या पाण्यात सोडायची. मी ते अंडं खायचे नाही. आता माझे केस पिकलेत, चष्मा लागलाय, पण खोड गेलेली नाही. हे लिहायला बसण्याआधीसुद्धा मी टेबल दोनदा पुसून घेतलं.

आत्याचं घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. तिचे मालक एसटीत होते, ते उजाडायला जायचे आणि दिवेलागणीला यायचे, त्यामुळे घरात राज्य आत्याचं आणि तिच्या कोंबड्याचं. लालभडक तुऱ्याचा, मान ताठ ठेवून चालणारा तो कोंबडा उंबऱ्यावर चढून मी जेवत असताना एका डोळ्यानं माझ्याकडे बघत राहायचा. तो डोळा तांबडा, कडेला पिवळसर, मध्ये काळा टिपका. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी भाकरी आणि खर्डा, रविवारी कुठं रस्सा. ऊस तोडायचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर मोठमोठ्यानं गाणी लावत दारावरून जायचे, पत्रा थरथरायचा आणि तव्यावरची भाकरी उलटताना आत्या त्या गाण्यावर मान डोलवायची. हे सगळं मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. आवडायचा नाही तो वास. गावापासून कोसभर अंतरावर एक दारू गाळायची डिस्टिलरी होती. तिचं नाव मी लिहीत नाही, आता ती बंद पडली आहे. ती मळीचं पाणी ओढ्यात सोडायची आणि वारा फिरला की तो वास घरात शिरायचा, कुजलेल्या गुळाचा, आंबूस, गोडसर. घाण वास परवडला, पण गोड घाण वास फार वाईट. तो पाण्याला लागायचा, कपड्यांना लागायचा, माझ्या ओल्या केसांना लागायचा. आत्या म्हणायची, “सवं हुईल.” मला तो कधीच सवयीचा झाला नाही.

कॉलेजच्या ओळखपत्राचा फोटो काढायला म्हणून मी शामूआण्णांच्या स्टुडिओत गेले आणि तिथंच कामाला लागले. आण्णा पन्नाशीचे, पोट सुटलेले, गालात कायम मावा. काउंटरखाली रंगाचा एक रिकामा डबा ठेवलेला असायचा, त्यात ते थुंकायचे आणि त्याच बोटांनी ओठ पुसून माऊस धरायचे. मी पहिल्या आठवड्यात फडकं आणलं आणि ते उठले की माऊस पुसून घ्यायला लागले. त्यांनी ते बघितलं आणि नुसतं हसले. पण माणसाच्या हातात जादू होती, हे मला कबूल करावं लागेल. नवरीच्या तोंडावरचे फोड, नवऱ्याच्या शर्टावरचा डाग, म्हाताऱ्याचा पडलेला दात, सगळं ते असं साफ करायचे की खुद्द माणसालाही आपण असेच होतो असं वाटावं. माझी किळस त्यांनी बरोबर हेरली. “शालन, तुला घाण दिसती ना? मग ती पुसायचं काम तूच कर. ज्येला दिसत न्हाई त्येला पुसता येत न्हाई,” ते म्हणाले. आणि खरंच, पडद्यावर चेहरा मोठा करून एकेक रंध्र साफ करताना मला जे सुख मिळायचं ते दुसऱ्या कशात मिळालं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच माझी खोड कुणाच्या तरी उपयोगी पडत होती.

त्या स्टुडिओचं सगळ्यात नावाजलेलं काम म्हणजे डोळे उघडून देणं. आमच्या भागात कितीतरी माणसं जन्मभरात एकदाही फोटो न काढता जायची. मग मेल्यावर आण्णांना बोलावणं यायचं. भिंतीला टेकवून बसवलेल्या प्रेताचा फोटो काढायचा, नाकातला कापूस पुसायचा, मागे निळा पडदा टाकायचा आणि दुसऱ्या कुणाचे तरी डोळे बसवायचे. दिवसकार्याला हार घालायला फोटो तयार. काम झालं की मूळ फोटो कॉम्प्युटरवरून पुसायचा, हा आण्णांचा नियम. “खरं तोंड घरच्यांला पुन्यांदा दिसाय नगो,” ते सांगायचे. मला ते तेव्हा माणुसकीचं वाटलं होतं.

माझे चुलते, तात्या, दरवर्षी माणातून मेंढरं घेऊन नदीकाठी उतरायचे. रिकाम्या रानात मेंढरं बसवायची, रानमालकाला खत मिळतं, मेंढरांना पाला. त्या वर्षी तळ पडल्यावर काकी तापानं गेली. तात्यांच्या घरात तिचा एकही फोटो नव्हता. आण्णा तळावर जाऊन फोटो काढून आले आणि पुढचं काम मी मागून घेतलं. तिच्या कपाळावरची माती काढली, ओठांचा काळेपणा काढला. पण डोळे काही केल्या बसेनात. शेवटी आण्णांनी मला दिव्याखाली त्याच अंगानं बसवलं, माझा फोटो काढला आणि म्हणाले, “घरातलं डोळं घरात बसत्यात बघ.” ते बसले. तात्या फ्रेम न्यायला आले तेव्हा टोपी काढून फोटोसमोर उभे राहिले. “बगतीया,” ते म्हणाले. “माज्याकडंच बगतीया, शाले.” आणि एवढा दांडगा माणूस घोंगड्यात तोंड घालून रडला. डोळे कुणाचे ते मी सांगितलं नाही. का सांगायचं?

पुढच्या वर्षी आण्णांनी लांब नळीची लेन्स घेतली आणि त्यांना पाखरांचं वेड लागलं. डिस्टिलरीच्या मॅनेजरांना कॅलेंडर काढायचं होतं, आपल्या ओढ्यावरच्या पाखरांचं. मग सकाळी मी आण्णांच्या मोटारसायकलवर मागं बसायचे, मांडीवर कॅमेऱ्याची पिशवी घेऊन, आणि आम्ही ओढ्यावरच्या बंधाऱ्याकडे जायचो. उथळ पाण्यात उभं राहून चिखल उपसणारी पाखरं सगळी. लाल काडीसारख्या पायांचा शेकाट्या, राखी बगळा, बाकदार चोचीची शराटी. मी पाखरांना नावानिशी ओळखायला लागले आणि पाखरं सोडून तिथल्या प्रत्येक गोष्टीची मला शिसारी यायला लागली. पाणी काढ्यासारखं काळं. वर पिवळा फेस. काठाला पोट वर करून पडलेले मासे, त्यांच्यावर माश्यांचं मोहोळ. चपलेला लागलेला चिखल दगडावर घासला तरी निघायचा नाही. मी तोंडाला ओढणी बांधून उभी असायचे आणि आण्णा वडापावचा घास घेत म्हणायचे, “वास फोटूत येत न्हाई, हे लय बरं हाय बघ.”

एका सकाळी बंधाऱ्याच्या कोपऱ्यात एकटा चमचा उभा होता. पांढरंशुभ्र पाखरू, वीतभर काळी चोच, टोकाला पळीसारखी चपटी आणि पिवळी. म्हणून नाव चमचा. आमच्याकडे तो थव्यानं येतो आणि माणूस शेतभर लांब असला तरी उडतो. हा उडाला नाही. आण्णा एकेक पाऊल टाकत दहा हातांवर गेले, तरी हलला नाही. चोचीला काळी साय चिकटली होती, छातीची पिसं भिजून पिवळी पडली होती आणि डोळा अर्धा मिटलेला होता, वरून पांढरट पडदा आलेला. “असला जवळनं चमचा कुणाला घावलाय?” आण्णा कुजबुजले आणि फोटोमागून फोटो काढत सुटले. ते कॅमेरा पिशवीत ठेवत होते तेव्हा पाखराचे पाय दुमडले आणि ते पाण्यात बसलं, मग कलंडलं. आण्णांनी काठीनं त्याला झुडपामागे ढकललं, दुसरी पाखरं बुजतील म्हणून. मग बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले आणि मला म्हणाले, “चल, रिकाम्या पोटी हायस तू.” मी काठावर बसून ओकले. आणि तरी, हे मी आज लिहिते आहे, माझ्या मनात त्याच वेळी विचार चालू होता की चोचीवरच्या त्या आडव्या वळ्या साफ केल्या तर किती सुंदर दिसतील.

त्या फोटोवर मी नऊ दिवस बसले. चोचीवर बारीक बारीक वळ्या असतात, जात्याला टाकी लावल्यासारख्या. त्या एकेक करून धुतल्या. डोक्यामागच्या तुऱ्याचं एकेक पीस सोडवलं. छातीचा पिवळा डाग पांढरा केला, पण अगदी पांढरा नाही, पिसाची सावली राखून. पाण्यावरचा फेस काढून आभाळाचा निळा उतरवला. राहिला तो डोळा. आमच्याकडे उघड्या डोळ्याचा दुसरा चमचा नव्हता. पुस्तकात बघितलं तर त्याचा डोळा तांबडा असतो असं लिहिलेलं. मी घरी जेवत होते आणि उंबऱ्यावरून तो कोंबडा माझ्याकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी कॅमेरा घरी आणला. आत्यानं कोंबडा काखेत धरला, मी त्याच्या डोळ्याचा फोटो काढला. “कोंबड्याचं लगीन ठरलंय व्हय?” आत्या म्हणाली. डोळा असा चपखल बसला की आण्णांनी मावा थुंकून माझ्या पाठीवर थाप मारली. मग नियमाप्रमाणे मूळ फोटो पुसला. कोणी पुसला? मीच पुसला, माझ्याच बोटानं.

कॅलेंडर निघालं. चमचा पहिल्याच पानावर होता आणि खाली बारीक अक्षरात छापलेलं, ‘चित्रसजावट : कु. शालन’. आमच्या घराण्यातलं नाव छापून आलेलं ते पहिलंच. वडिलांनी मुंबईला खोलीत लावलं, आत्यानं चुलीच्या वर लावलं. मॅनेजरांनी तोच फोटो खालच्या नावासकट मोठा करून काचेत घालून ऑफिसात टांगला. येणारा जाणारा म्हणायचा, पीस न् पीस मोजून घ्यावं. कोंबडा त्याच महिन्यात पाहुण्यांसाठी कापला. मी रस्सा खाल्ला नाही, पण ते किळसेमुळे नव्हे, एवढं मला आठवतं.

त्याच हंगामात तात्यांची मेंढरं ओढ्यावर पाणी प्यायली आणि दोन दिवसांत मरायला लागली. तोंडाला फेस, पाय ताठ. अर्धी खांड गेली, कळप निम्मा झाला. तात्या मेलेली कोकरं घोंगड्यात गुंडाळून डिस्टिलरीच्या दारात ठेवून आले. बाकीच्या धनगरांना गोळा करून त्यांनी अर्ज दिला, कारण उरलेली मेंढरं आणि मागून येणारे कळप त्याच ओढ्यावर उतरणार होते. “मला काय बी नगो. पाणी चांगलं करा, न्हाईतर पाटी लावा की हे पाणी ईख हाय,” एवढंच त्यांचं म्हणणं. ते आत्याकडे जेवायला आले तेव्हा मी भाकरी वाढत होते. चुलीवरच्या कॅलेंडरकडे त्यांची पाठ होती. मी सांगायला हवं होतं. मी खर्डा वाढला.

एका सकाळी आण्णा म्हणाले, “चांगलं कपडं घाल. तुजा सत्कार हाय.” ओढ्याकाठच्या गावच्या ग्रामपंचायतीत आम्ही पोचलो, तेव्हा शाल-नारळ काही दिसला नाही. टेबलामागे तात्यांच्या अर्जाच्या चौकशीला आलेले सरकारी साहेब, बाजूला मॅनेजर, समोर जमिनीवर बसलेले धनगर आणि त्यांच्या पुढे तात्या. खुर्चीवर तो काचेतला चमचा उभा करून ठेवला होता. त्या आठवड्यात डिस्टिलरीनं मोटार लावून नदीचं पाणी ओढ्यात सोडलं होतं, त्यामुळे साहेबांना ओढा स्वच्छ दिसला होता. मॅनेजर अगदी गोड आवाजात सांगत होते, “साहेब, हा पक्षी किती नाजूक. घाण पाण्यात उतरत नाही. आमच्याच बंधाऱ्यावर काढलाय, हे फोटोग्राफर इथं हजर आहेत. मेंढरं कोवळी ज्वारी खाऊन मेली असतील.” साहेबांनी विचारलं, “कोणता पक्षी?” आण्णा म्हणाले, “चमचा.” मागं कुणीतरी फिसकन हसलं.

तात्या उठले आणि फोटोजवळ गेले. हयात जनावरांच्या डोळ्यांत बघण्यात गेलेली. कोणतं कोकरू जगणार ते डोळ्यावरनं सांगणारा तो माणूस. त्यांनी काचेला नाक लावलं आणि वळून म्हणाले, “सायेब, ह्यो डोळा ह्या पाखराचा न्हाई. कोंबड्याचा हाय.” सगळी पंचायत हसली. धनगरसुद्धा हसले. साहेब हसू दाबत म्हणाले, “बसा, बाबा.” तात्या बसले नाहीत. “आवं, हसताय काय? ह्ये पाखरू मेल्यालं हाय. मेल्याचं डोळं उगडायचं काम हितं चालतंय. माज्या बायकूचं उगडलं ह्या माज्या पुतणीनं. इचारा तिला.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. साहेबांनी आधी आण्णांना विचारलं, मूळ फोटो आहे का. आण्णा म्हणाले, “न्हाई सायेब, काम झालं की पुसतो आमी.” हे खरं होतं. मग साहेब माझ्याकडे वळले. “फोटो काढला तेव्हा पक्षी जिवंत होता का?”

“होता,” मी म्हणाले.

हेही खरं होतं. मी वाट बघत होते की ते डोळ्याचं विचारतील. आतल्या आत ठरवून टाकलं होतं की विचारलं तर सांगायचं. त्यांनी विचारलं नाही, कागदावर काहीतरी लिहून टोपण बंद केलं आणि मी फोटोशेजारी उभी राहिले, फोटोखालचं माझं नाव सगळ्यांना दिसेल अशी. बाहेर पडताना धनगरांतला एकजण मोठ्यानं म्हणाला, “चमचा तर ही हुबी हाय की!” या वेळी कुणी हसलं नाही. माझ्या तोंडाला तोच वास आला, कुजलेल्या गुळाचा, आणि तो वाऱ्यावरून आलेला नव्हता. इतकी वर्षं मी लोकांच्या बोटांची, थुंकीची, चिखलाची किळस करत आले. त्या दिवशी कळलं की सगळ्यात घाण वस्तू मीच होते आणि मला पुसायला कुठलं फडकं नव्हतं.

अर्ज निकाली निघाला. दोन दिवसांनी तात्यांचं बिऱ्हाड हललं. जाताना ते स्टुडिओत आले, एकटेच. आण्णा आत जेवत होते. तात्यांनी धोतराच्या फडक्यात बांधलेली फ्रेम काउंटरवर ठेवली, गाठ सोडली. काकी माझ्याकडे बघत होती.

“पंचायतीतनं तळावर गेलो आन् परत हिच्याकडं बघितलं,” तात्या म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यानंच मला जास्त भीती वाटली. “ह्ये डोळं तुजं हाईत न्हवं, शाले?”

मी ‘हो’ म्हणून मान हलवली.

“मिटून दे.”

“तात्या, मूळ फोटो पुसलाय. आता मिटता येत नाहीत.”

त्यांनी फ्रेम स्वतःकडे वळवली. “उगडाय येत्यात आन् मिटाय येत न्हाईत,” ते म्हणाले, मला नव्हे, तिला सांगितल्यासारखं. “मग ऱ्हाऊ दे हितंच. तुजं डोळं माज्या घरात नगोत.” फडकं त्यांनी घडी करून खिशात घातलं आणि ते रस्त्याला लागले. पुन्हा त्या वाटेनं त्यांची मेंढरं आली नाहीत आणि आमच्या दारात ते आले नाहीत. गेले तेव्हा मला उशिरा कळवलं.

मी स्टुडिओ त्याच महिन्यात सोडला. सोडायच्या आधी आठ दिवस मी काकीचे डोळे मिटायचा प्रयत्न केला. पापणी काढायचे, रंग जुळवायचे, सुरकुती ओढायचे. मिटलेल्या डोळ्यांचं नुसतं चित्र दिसायचं. झोपलेलीही दिसायची नाही आणि मेलेलीही नाही. ती फ्रेम आजही माझ्याकडे आहे, कपाटात, साड्यांच्या मागे. महिन्यातून एकदा मी तिची काच पुसते. पुसताना तिच्याकडे बघावं लागतं. काकी वीस वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांनी माझ्याकडे बघते आणि ती पोर अजून वाट बघते आहे की कुणीतरी डोळ्याचं विचारेल.